डॉ. कमला सोहोनी : डाळी, नीरा आणि प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिलेली मुलगी

तुमच्या घरात दहावीची मुलगी असेल, तर हा प्रसंग तुम्हाला नवा नाही. निकाल लागतो. विज्ञानात आणि गणितात मुलीला चांगले गुण असतात. पेढे वाटले जातात. आठ दिवसांनी घरात चर्चा सुरू होते. विज्ञान शाखेचे कॉलेज तालुक्याला आहे, एसटीची वेळ जुळत नाही, प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ होते, शिकवणीचा खर्च वेगळा. मग कोणीतरी म्हणते, तिला आर्ट्सला घाला, गावाजवळ होईल. आर्ट्स वाईट नाही. पण मुलीला काय हवे होते, हे त्या चर्चेत बहुतेक वेळा कोणी विचारलेले नसते.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढा नागनाथ, कुठल्याही दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला ही मुलगी भेटते. ती थकवा येतो, डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून येते. तपासले तर रक्त कमी निघते. औषध लिहून देता येते. पण तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग गोळीने सुटत नाही. म्हणून आज आजाराऐवजी एका बाईची माहिती घेऊ. तिचे नाव डॉ. कमला सोहोनी. त्या १९९८ मध्ये गेल्या. आपण जेवतो त्या डाळीविषयी, आणि रक्तातल्या लोहाशी नाते सांगणाऱ्या एका महत्त्वाच्या प्रथिनाविषयी त्यांनी संशोधन केले. आणि केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रयोगशाळेच्या दारातूनच परत पाठवले गेले होते.

घरातले वातावरण

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळुरूची टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची भारतीय विज्ञान संस्था, १९०९ साली स्थापन झाली. तिथून शिकून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत हे दोघे भाऊ होते. कमलाताईंची मोठी बहीण तुम्हाला नक्की माहीत असेल. त्या दुर्गा भागवत, आपल्या थोर लेखिका, १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष. एकाच घरातून एक मुलगी साहित्यात गेली आणि दुसरी विज्ञानात.

इथे तुम्ही म्हणाल की त्यांच्या घरी सगळेच शिकलेले होते, आमच्या घरी तसे नाही. बरोबर आहे. पण त्या घराने मुलीला नेमके काय दिले ते पाहा. रसायनशास्त्र ही पुरुषांची गोष्ट आहे असे तिला कोणी सांगितले नाही. वडील आणि काका जे काम करतात ते आपणही करू शकतो, असे तिला लहानपणापासून वाटत राहिले. एवढे देण्यासाठी आईवडील स्वतः शास्त्रज्ञ असावे लागत नाहीत. मुलीने प्रश्न विचारला की गप्प बस न म्हणणे, ही त्याची सुरुवात आहे.

१९३३ : बंगळुरूचे दार

१९३३ साली कमलाताई मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. त्या विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या. वडील आणि काका जिथे शिकले त्याच संस्थेत संशोधन करायचे, हे त्यांनी ठरवलेले होते. त्यांनी अर्ज केला. गुण पाहता प्रवेश मिळायला काहीच अडचण नव्हती.

अर्ज नाकारला गेला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळालेले होते. संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. संशोधन हे बायकांचे काम नाही, असे त्यांचे मत होते. नाकारण्याचे कारण तेवढेच.

रामन हे फार मोठे शास्त्रज्ञ होते, याबद्दल वाद नाही. म्हणूनच ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. प्रकाशकिरणाचे वागणे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसालाही समोरच्या मुलीची गुणपत्रिका दिसली नाही. पूर्वग्रह अडाणी माणसाकडेच असतो असे आपण समजतो, ते खरे नाही. तो प्रेमळ वडिलांकडे असू शकतो, चांगल्या शिक्षकाकडे असू शकतो आणि आम्हा डॉक्टरांकडेही असू शकतो.

कमलाताई नकार घेऊन घरी बसल्या नाहीत. त्या बंगळुरूला गेल्या. मला का घेत नाही याचे कारण त्यांनी विचारले. उत्तर पटण्यासारखे नव्हते, तेव्हा त्यांनी गांधीजींचा मार्ग धरला आणि संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. वय होते अवघे बावीस. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर.

अटी कोणत्या होत्या?

पहिली अट अशी की वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नाही. दुसरी अशी की कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच त्या कामाला मान्यता मिळेल. तिसरी अशी की त्यांच्यामुळे संस्थेतले वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे बरोबरच्या पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये.

तिसरी अट पुन्हा वाचा. लक्ष दुसऱ्याचे विचलित होणार आणि त्याची जबाबदारी हिच्यावर. आज गावात मुलीचा क्लास बंद होतो तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असते. रस्त्यावर पोरे उभी राहतात, म्हणून घरी मुलगी बसते.

कमलाताईंनी अटी मान्य केल्या, पण हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. पुढे म्हातारपणी जाहीर सभेतही त्यांनी ते स्पष्ट सांगितले. त्यांचे मार्गदर्शक होते एम. श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकू पाहणाऱ्याला मनापासून शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाताईंनी दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपले तेव्हा रामन यांना त्यांच्या कामात उणे काढता आले नाही. प्रवेश नियमित झाला. १९३६ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष गुणवत्तेसह मिळाली.

त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. त्यानंतर त्या संस्थेने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. हवामानशास्त्रात आणि हवामान मोजण्याची उपकरणे भारतात तयार करण्यात ज्यांचे मोठे नाव झाले, त्या अ‍ॅना मणी १९४० मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. एका मुलीचे एक वर्ष पुढच्या किती जणींच्या उपयोगी पडले, याचा हिशेब मांडता येत नाही. वाडीवस्तीवरून विज्ञान शाखेला जाणारी पहिली मुलगी हेच काम करत असते. तिच्या मागे तिची धाकटी बहीण जाते, मग शेजारची जाते.

केंब्रिज आणि एक साधा बटाटा

१९३७ साली कमलाताई शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या आणि न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात दाखल झाल्या. त्यांना काम करायचे होते फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे ते हेच हॉपकिन्स. प्रयोगशाळेत एकही टेबल रिकामे नव्हते. तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना वापरायला दिले आणि स्वतःचे काम तो रात्री करू लागला. बंगळुरूत जागा असून दार बंद होते. इथे जागा नसताना एकाने ती करून दिली.

केंब्रिजमध्ये सगळे आलबेल होते असेही समजू नका. त्या विद्यापीठाने बायकांना पुरुषांच्या बरोबरीचे पूर्ण सभासदत्व १९४८ साली दिले. म्हणजे कमलाताई तिथे होत्या तेव्हा तो हक्क तिथल्या गोऱ्या मुलींनाही नव्हता. मुलींना विज्ञानापासून दूर ठेवण्याची खोड एकट्या आपल्या देशाची नाही.

पुढे त्यांनी रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम केले. सुरुवात बटाट्यापासून झाली. वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम-सी असते, हे त्यांनी दाखवून दिले.

हे सायटोक्रोम-सी काय आहे? आपण श्वास घेतो तो प्राणवायू रक्तातून प्रत्येक पेशीपर्यंत जातो. तिथे अन्नातली ऊर्जा मोकळी होण्यासाठी इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे दिले जातात. घर शाकारताना खालून वर हातोहात कौले देतात तसे. त्या रांगेतला एक हात म्हणजे सायटोक्रोम-सी. हे एक छोटे प्रथिन आहे आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही लोहच असते. माणूस, गाय, बटाटा, गव्हाचे रोप, सगळ्यांच्या पेशीत ही व्यवस्था सारखीच चालते.

म्हणून मुलीच्या अंगात लोह कमी पडले की फक्त रक्त फिके होत नाही. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या ज्या प्रथिनांना लोह लागते, त्यांनाही ते कमी पडू लागते. दवाखान्यात आलेली मुलगी दमते, पुस्तक उघडले की तिला झोप येते, तो आळस नसतो.

कमलाताईंनी हे संशोधन अवघ्या चौदा महिन्यांत पूर्ण केले. प्रबंध फक्त चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. ब्रिटनच्या विद्यापीठातून विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री.

परत आल्यावर

परदेशात राहता आले असते. पण गांधीजींच्या विचारांचा प्रभाव होता, देशासाठी काम करायचे होते. १९३९ मध्येच त्या परतल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केले. तिथे पुढे वाढायला वाव दिसेना, तेव्हा ती नोकरी सोडली.

१९४७ साली त्यांचे लग्न झाले. पती माधव सोहोनी हे विमागणितज्ञ होते. लग्नाच्या वेळी कमलाताई छत्तिशीच्या आसपास होत्या. ज्या जिल्ह्यांत अजूनही सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलीचे स्थळ पाहिले जाते, तिथे हे वय मुद्दाम सांगायला हवे. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. इथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे काम केले, ते थेट आपल्या स्वयंपाकघरातले आहे.

डाळीतला अडथळा

गरीब माणसाचे प्रथिन म्हणजे डाळ. पण डाळीत जेवढे प्रथिन असते तेवढे सगळे अंगी लागत नाही. का?

आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य आतड्यात येते. ते प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या कडधान्यांत असे काही पदार्थ असतात की जे या ट्रिप्सिनलाच अडवतात. किडीपासून बचाव म्हणून झाडाने केलेली ती सोय आहे. कमलाताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात भारतीय खाद्यपदार्थांतले हे ट्रिप्सिन-रोधक शोधले. वाल आणि डबल बी यांच्यातले रोधक तर त्यांनी स्फटिकरूपात वेगळे काढले.

याचा तुम्हाला उपयोग काय? उष्णतेने हे रोधक बऱ्याच प्रमाणात निकामी होतात. भिजवणे आणि मोड आणणे यांचीही मदत होते. आजीने वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खायला सांगितले त्यामागे हे विज्ञान आहे. हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनचे पीक मोठे आहे. सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर असतात, पण हा रोधकही भरपूर असतो. म्हणून सोयाबीन कच्चे खाऊ नये आणि कच्चे दळून पिठात मिसळू नये. आधी चांगले उकडून वाळवावे किंवा नीट भाजावे, मगच दळावे.

ही माहिती मुलीला जरूर सांगा. शेतात जे पिकते त्याच्यावर प्रयोगशाळेत काम होते, आणि ते काम एका मराठी बाईने केले, हे तिला कळू द्या.

नीरा

शिंदी आणि ताड या झाडांचा पहाटे काढलेला ताजा रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाताईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तो अनेक वर्षे चालला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह असते, आणि नीरा आटवून गूळ केला तरी या घटकांचा काही भाग टिकतो, असे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारल्याचे दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इथे एक सूचना. नीरा थंड ठेवली नाही तर काही तासांत आंबते आणि तिची ताडी होते. म्हणून ती ताजी आणि खात्रीच्या ठिकाणचीच घ्यावी. तिच्यात साखर असते, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. नीरा हा आहार आहे. ती लोहाच्या गोळ्यांच्या जागी चालत नाही.

त्यांच्या विषयांची निवड लक्षात घ्या. डाळी, नीरा, तांदळाचे पीठ, दूध. केंब्रिजमधून आलेली शास्त्रज्ञ कोणत्याही महागड्या विषयावर काम करू शकली असती. त्यांनी गरिबाचे ताट निवडले.

उशिरा मिळालेली खुर्ची

पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या. पण ते पद त्यांना हक्काच्या वेळी मिळाले नाही. अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे उशीर झाला. नोबेल विजेत्याच्या दारात सत्याग्रह करून तीस-पस्तीस वर्षे झाल्यावरही त्यांना वाट पाहावी लागली. एकदा दार उघडले की ते कायमचे उघडे राहते असे नसते, हेही त्यांच्या आयुष्यातून शिकावे.

निवृत्तीच्या वयातही त्यांचे काम थांबले नाही. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी ग्राहकांच्या हक्कांसाठी एक संस्था सुरू केली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. कमलाताई तिच्यात सक्रिय होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि नंतर लवकरच त्यांचे निधन झाले.

हे हिंगोलीत का सांगायचे?

तुमच्या जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात, लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहत आहे. अमेरिकेतल्या अशाच प्रयोगशाळांनी सप्टेंबर २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. इथल्या प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याला सुमारे २६०० कोटी रुपये लागणार आहेत. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. दूर अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की त्या नळ्यांच्या लांबीत जो फरक पडतो तो अणूच्या केंद्रकापेक्षाही कितीतरी लहान असतो. तो मोजायचा आहे.

उद्या तिथे अभियंते लागतील, संगणकाचे जाणकार लागतील, लेझर आणि निर्वात नळ्या सांभाळणारे तंत्रज्ञ लागतील. आज सातवी-आठवीत असलेली औंढ्याची, सेनगावची मुलगी त्या वेळी तिशीच्या आत असेल. ती त्या फाटकातून कोणत्या कामासाठी आत जाईल, हे ठरायला आजच सुरुवात झाली आहे. दहावीनंतरच्या त्या आठ दिवसांत त्याचा मोठा भाग ठरेल.

आणि त्या आठ दिवसांत तुम्ही कोणत्या अटी घालता ते तपासा. मुलाला साठ टक्क्यांवर विज्ञान आणि मुलीला ऐंशीच्या वर मिळाले तरच विज्ञान, ही अट आहे. थेट एसटी असेल तर जा, ही अट आहे. कोणाची तक्रार आली तर कॉलेज बंद, हीसुद्धा अट आहे. तोंडाने कोणी नाही म्हणत नाही. १९३३ साली शेवटी रामन यांनीही नाही म्हटले नव्हते. त्यांनीही अटीच घातल्या होत्या.

तुमच्या लेकीसाठी काय करता येईल?

शालेय गणितात आणि विज्ञानात मुलामुलींच्या बुद्धीत नाव घेण्यासारखा फरक नाही. फरक पडतो तो पोषण, वेळ, सोयी आणि अपेक्षा यांमुळे. तिथे काम करता येते.

* हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. बारा वर्षांपुढच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चुकवू नका. ती जेवणानंतर घ्यावी. शौचास काळे झाले तर घाबरू नये. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही द्यावी.

* ताट सारखे वाढा. घरात मुलगी शेवटी आणि उरलेले जेवत असेल तर गोळीचा फारसा उपयोग होणार नाही. डाळ, उसळ, हिरवी भाजी, बाजरी-ज्वारीची भाकरी आणि वर लिंबू. लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो.

* पाळीत शाळा बुडू देऊ नका. दुखत असेल तर त्यावर साधी औषधे आहेत, सोसत बसण्याची गरज नाही. सात दिवसांपेक्षा जास्त दिवस किंवा खूप जास्त रक्तस्राव होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. शाळेत मुलींसाठी पाणी असलेले स्वच्छ, दाराला कडी असलेले स्वच्छतागृह आहे का, हे पालकसभेत विचारा. महिन्याला तीन-चार दिवस वर्ग बुडाला की गणिताचा धागा तुटतो.

* डोळे तपासा. फळ्यावरचे दिसत नाही आणि चष्मा लागला तर लग्नात अडचण येईल म्हणून तपासायचे नाही, असे अनेक घरांत होते. मुलगी अभ्यासात मागे पडते आणि दोष बुद्धीला दिला जातो.

* झोप आणि वेळ मोजा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाणी भरणे आणि रात्री भांडी, असा दिवस असेल तर अभ्यास कधी होणार? घरकाम मुलगा आणि मुलगी दोघांत वाटा.

* घरात प्रयोग करू द्या. वसमतची हळद प्रसिद्ध आहे. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा. त्यावर लिंबाचा थेंब टाकला तर रंग तसाच राहतो. साबणाचे किंवा खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकले तर तो तांबडा होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच कारणाने. बटाट्याच्या फोडीवर जखमेला लावायच्या आयोडीनचा थेंब टाका, ती निळी-काळी होते. का, ते तिलाच शोधू द्या. हात मळले, ओटा खराब झाला तर रागावू नका.

* योजनांची चौकशी करा. इन्स्पायर-मानक योजनेत शाळेमार्फत मुलांच्या नव्या कल्पना पाठवता येतात आणि निवड झाल्यास दहा हजार रुपये मिळतात. विज्ञान ज्योती हा नववी ते बारावीच्या मुलींसाठीचा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. शाळेत, कॉलेजात विचारा.

* लग्नाची घाई करू नका. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे. त्या वयातले बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे असते. अठरा पूर्ण झाले म्हणजे लगेच केलेच पाहिजे असेही नाही.

शेवटी

कमलाताईंकडे शिकलेले घर होते, पहिला नंबर होता, आणि तरीही त्यांना दारात थांबावे लागले. तुमच्या लेकीकडे यातले काही नसेल. म्हणून तिला तुमची जास्त गरज आहे. केंब्रिजमध्ये एका माणसाने आपले टेबल दिवसा मोकळे करून दिले होते. तुमच्या घरी टेबल नसेलही. संध्याकाळी दोन तास, दिव्याखालची एक जागा आणि त्या वेळात तिला कोणी हाक मारणार नाही एवढी खात्री द्या.

आणि पुढच्या वेळी रक्त तपासायला तिला दवाखान्यात घेऊन याल तेव्हा थकव्याबरोबर तिला काय शिकायचे आहे तेही आम्हाला सांगा. तुम्हाला माहीत नसेल, तर येताना वाटेत तिलाच विचारा.